प्रकल्प नोंदी: बेरीज-वजाबाकीचा बोर्ड आणि त्याच्या मध्यावर बसलेला एक्सऑर

५ जानेवारी २०२५, रविवार

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. यंदाच्या प्रदर्शनासाठी चार बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) बेरीज आणि वजाबाकी करणारा बोर्ड करायचा, असं आज नक्की केलं. दोन फूट बाय दीड फूट प्लाय, डाव्या अंगाला स्विच, उजव्या अंगाला एलईडी. मधली वायरिंग झाकायची नाही. कुठली तार कुठून कुठे जाते हे मुलांना बोट ठेवून बघता आलं पाहिजे. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीतच असल्यामुळे हाताशी अकरावीची इलेक्ट्रॉनिक्सची मुलं आहेत.

हा बोर्ड का, ते लिहून ठेवते. अँड, ऑर, नॉट हे गेट, म्हणजे ०-१ घेऊन ० किंवा १ देणारी छोटी सर्किट, मुलांना पटतात. एक्सऑर (दोन इनपुट वेगळे असले तरच १ देणारा) पटत नाही, फक्त पाठ होतो. दोन्ही इनपुट १ असताना आउटपुट ०, ही ट्रूथ टेबलची (कुठल्या इनपुटला कुठलं आउटपुट, त्या तक्त्याची) शेवटची ओळ दर वर्षी कुणाची ना कुणाची चुकते. ज्यांची बरोबर येते त्यांना "का?" विचारलं, तर "मॅडम, पुस्तकात तसंच आहे" एवढंच उत्तर मिळतं. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा गेट आहे, आणि आपण तो सगळ्यात घाईने शिकवतो.

८ जानेवारी

जिन्यातला दिवा बंद पडला म्हणून कॉलेजचे वायरमनकाका आले होते. मेन बंद करून त्यांनी स्विचबोर्ड उघडला, तेव्हा मी मुलांना वर्गातून बोलावून घेतलं.

टू-वे स्विचला तीन स्क्रू असतात. खालच्या स्विचच्या कॉमन स्क्रूवर फेज येते. वरच्या स्विचच्या कॉमनवरून तार दिव्याला जाते. उरलेले दोन-दोन स्क्रू एकमेकांना दोन तारांनी जोडलेले. दोन्ही स्विच एकाच तारेवर आले की वाट पुरी होते आणि दिवा लागतो. एक या तारेवर, दुसरा त्या तारेवर असेल तर वाट तुटते. आमच्या जिन्यात दोन्ही बटणं सारखी असताना दिवा लागत होता. मी विनंती केली म्हणून काकांनी वरच्या स्विचवर त्या दोन तारांची अदलाबदल केली. आता सारखी असताना विझलेला, वेगळी असताना लागलेला. आधीचा एक्सनॉर (एक्सऑरच्या उलट), आताचा एक्सऑर. फरक दोन स्क्रूंचा.

काका म्हणाले, "मॅडम, कुठलंही एक बटण दाबा, दिवा आहे त्याच्या उलटा झाला पाहिजे. मी तेवढंच तपासतो."

हे वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. एक्सऑरची याहून चांगली व्याख्या मला आजवर सुचलेली नाही. दोन्ही ०, दिवा बंद. एक बटण दाबलं, लागला. दुसरंही दाबलं, पुन्हा उलटा व्हायलाच हवा, म्हणजे बंद. शेवटची ओळ इथेच सुटते, पाठांतर लागत नाही.

तीन मजले असतील तर मधे इंटरमीडिएट स्विच लागतो, चार स्क्रूंचा. तो दोन तारा एका स्थितीत सरळ जाऊ देतो, दुसऱ्या स्थितीत फुलीसारख्या उलट्या. "सरळ की उलट" हे शब्द वहीत अधोरेखित केले आहेत, कारण वजाबाकीच्या वेळी हेच लागणार आहे.

१९३७ साली क्लॉड शॅनन यांनी एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात रिले आणि स्विचची सर्किट बूलच्या बीजगणितात मांडून दाखवली. दोनच्या पायावर बेरीज करणाऱ्या सर्किटचा आराखडाही त्याच प्रबंधात आहे. म्हणजे स्विचबोर्डपासून बेरजेपर्यंतची वाट जुनी आहे, आम्ही तीच पुन्हा चालतोय.

१२ जानेवारी, रविवार

आज ब्रेडबोर्डवर (तारा खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) ७४०० या आयसीतल्या, म्हणजे चिपमधल्या, चार नँड (अँडच्या उलट) गेटांतून एक्सऑर बांधला. एक्सऑरची तयार आयसी ७४८६ लावली की मुलांना आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आधी हा खटाटोप.

जोडणी अशी. पहिल्या नँडला अ आणि ब. दुसऱ्याला अ आणि पहिल्याचं आउटपुट. तिसऱ्याला ब आणि पहिल्याचं आउटपुट. चौथ्याला दुसऱ्या-तिसऱ्याची आउटपुट. दोन्ही इनपुट १ दिले की पहिला नँड ० होतो. तो ० दुसऱ्यालाही जातो आणि तिसऱ्यालाही, त्यामुळे दोघंही १, आणि चौथा ०. पहिला नँड नजर ठेवून असतो: दोघं एकदम १ झाले रे झाले की तो दोन्ही वाटा अडवतो. मुलं मीटरची पिन आयसीच्या एकेका पायावर टेकवत गेली आणि फळ्यावर ०, १ लिहित गेली. शून्याला ०.२ व्होल्टच्या आत, एकला साडेतीनच्या वर.

मधेच एका जागी मीटर दीड व्होल्टच्या आसपास दाखवू लागला. हा ०ही नव्हे, १ही नव्हे. ब ची तार ब्रेडबोर्डमधून निसटली होती. ७४०० ज्या जातीची, त्या टीटीएल आयसीचा इनपुट मोकळा सुटला की आतून तो असा अधांतरी दीडच्या आसपास उभा राहतो, आणि गेट त्याला १ समजतो. मुलांना सांगितलं, हा आकडा ओळखून ठेवा. दीड दिसला की पाय मोकळा.

एक दुरुस्ती: पुश-बटण आणि पुल-अप रेझिस्टरचा बेत सोडला. त्यात बटण दाबलं की ० मिळतो आणि बघणारा गोंधळतो. त्याऐवजी तीन टोकांचे स्लाइड स्विच घेणार. एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, मधलं इनपुटला. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०.

नावाबद्दलही आज बोलणं झालं. मराठीत आपण हा भेद रोज करतो. "गूळ किंवा साखर, काहीही चालेल" यात दोन्ही घातली तरी कुणाची हरकत नसते, तो ऑर. "चहा घेणार की सरबत?" यात एकच निवडायचं असतं, तो एक्सऑर. मुलांना हे फार आवडलं. पण ही समजूत दोन इनपुटांपुरतीच पुरते. तीन इनपुट तिन्ही १ दिले तर एक्सऑरच्या साखळीतून १ येतो, ० नाही. "फक्त एकच" असा अर्थ धरला तर हे उत्तर चूक वाटतं. काकांचा नियम धरला तर बरोबर: तीन वेळा बटण दाबलं, तीनदा उलटलं, दिवा लागलेला. एक्सऑर विचारतो ते हे की १ ची संख्या विषम आहे का.

१९ जानेवारी, रविवार

बेरीज. ० + ० = ०, ० + १ = १, १ + १ = १०. शेवटच्या बेरजेत जागेवर ० राहतो आणि हातचा १ जातो. जागेवरचा अंक म्हणजे एक्सऑर, हातचा म्हणजे अँड. पहिलीपासून हातचे घेत आलेली ही मुलं, त्यांना "कॅरी" शब्दापेक्षा "हातचा" लगेच कळला. बोर्डावरही रंगाने "हातचा" असंच लिहायचं.

पुढच्या घरात तीन अंक येतात: दोन आकड्यांचे दोन आणि मागून आलेला हातचा. जागेवरचा अंक म्हणजे तिघांचा एक्सऑर, विषम असेल तर १. हातचा तेव्हा, जेव्हा तिघांपैकी किमान दोन १ असतील. एका घरासाठी दोन एक्सऑर, दोन अँड, एक ऑर. असं एक घर सुट्या गेटांचं करून बोर्डाच्या कोपऱ्यात ठेवायचं, ७४८६, ७४०८ (अँड) आणि ७४३२ (ऑर) वापरून. चारही घरं सुट्या गेटांनी केली तर तारांचं जाळं होईल. मुख्य बेरजेला ७४८३ घेणार, त्यात चार बिटांचा अ‍ॅडर, म्हणजे बेरीज करणारं सर्किट, तयार असतो.

७४८३ साठी ताकीद: हिला पुरवठा कोपऱ्यातल्या पायांवर नाही. ५ व्होल्ट पाय ५ वर, ग्राउंड पाय १२ वर. सवयीने १६ आणि ८ ला जोडलं तर आयसी जाईल. प्लायवर लाल रंगाने खूण केली.

२५ जानेवारी, शनिवार

पुण्याला एसटीने जाऊन आले. पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन तास गेले. ७४८३ मिळाली, स्लाइड स्विच, एलईडी, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, आयसी बेस, सगळं मिळालं. ७४८६ च्या तीन हव्या होत्या, दोनच होत्या. तिसरीसाठी दुकानदाराने दुसरी आयसी पाकिटात घातली, "एक्सऑरच आहे, चालेल" म्हणाला.

एलईडी थेट आयसीवर लावायचे नाहीत. एलएस (आम्ही वापरतो तो टीटीएलचा प्रकार) आयसी आउटपुट १ असताना फार थोडा करंट देते, हमी ०.४ मिलिअँपिअरची. प्रत्येक एलईडीला एक बीसी५४७, बेसला ४.७ किलोओहम, एलईडीला ३३० ओहम.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस एका चुकीमागे गेला. सविस्तर लिहिते, कारण शिकवायला हीच सगळ्यात चांगली आहे.

बोर्ड जोडून झाला. पहिला आकडा अ, दुसरा ब. अ चे चार स्विच सरळ ७४८३ ला. ब चे चार स्विच एकेका एक्सऑरमधून ७४८३ ला. चारही एक्सऑरचे दुसरे पाय एकत्र बांधून एका स्विचला नेले, त्याला "बेरीज / वजाबाकी" नाव दिलं. तोच स्विच ७४८३ च्या पहिल्या हातच्यालाही, म्हणजे पाय १३ ला.

सगळे स्विच खाली, बेरीज लावली. शून्य अधिक शून्य, आणि एलईडी दाखवतात ०११०. सहा.

मुलं पहिल्यांदा ७४८३ वर घसरली. पाय ५ वर ५ व्होल्ट, १२ वर ग्राउंड, ठीक. मग वजाबाकी लावून पाहिली: शून्य उणे शून्य, उत्तर शून्य. नऊ उणे शून्य, नऊ. नऊ उणे एक, आठ. बरोबर! अवघड ते जमतंय आणि सोपं ते चुकतंय, असं वाटून मीही अर्धा तास वेगळ्याच वाटेने गेले. नंतर नऊ उणे पाच केलं तर आठ आले.

मग थांबून नीट तक्ता केला. अ शून्य ठेवून ब बदलत गेलो. शून्याला सहा, एकला सात, आठला चौदा. सहाला सहा, बरोबर. सातला सात, बरोबर. ओळ दिसली: ब चं पहिलं आणि चौथं बिट शहाण्यासारखं वागतंय, मधली दोन काहीही दिलं तरी १ च पोचतात. वजाबाकीत बरोबर आलेली उत्तरं योगायोगाची होती. तिथे ब ची मधली बिटं ० होती, ती उलटून १ च व्हायला हवी होती.

मीटर एक्सऑरच्या पाय ६ वर टेकवला. दीड व्होल्ट.

एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, पाय मोकळा!" पण तार तर घट्ट बसलेली. तेव्हा भिंग घेऊन आयसीवरचा नंबर वाचला. ७४८६ नव्हती, ४०७० होती. पुण्याला पाकिटात आलेली तिसरी नेमकी इथे बसली होती.

दोन्हींत चार-चार एक्सऑर, दोन्हींना चौदा पाय, पुरवठा दोन्हींचा १४ आणि ७ वर. पहिला गेट दोन्हींत १, २ आत आणि ३ बाहेर. चौथा दोन्हींत १२, १३ आत आणि ११ बाहेर. फरक मधल्या दोघांत. ७४८६ मधे ४, ५ आत आणि ६ बाहेर, ९, १० आत आणि ८ बाहेर. ४०७० मधे ५, ६ आत आणि ४ बाहेर, ८, ९ आत आणि १० बाहेर. आम्ही ज्या ६ आणि ८ ला आउटपुट समजून ७४८३ ला जोडलं, ते तिथे इनपुट होते. एका इनपुटला दुसरा इनपुट, दोघांना कुणीच काही सांगत नाही. ७४८३ ने मोकळा पाय १ धरला. दोन्ही मधली बिटं कायम १, म्हणून शून्याचे सहा.

शिवाय ४ आणि १० ही आउटपुटं आम्ही स्विचमधून थेट ५ व्होल्टला किंवा ग्राउंडला बांधली होती. ५ व्होल्टवर ४०७० चा करंट मुळातच थोडा, म्हणून ती वाचली.

पाय बदलून ४०७० च वापरावी का, असं मुलांनी विचारलं. नको म्हटलं. शून्य देताना तिची हमी अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासची, आणि एलएस ७४८३ चा एक इनपुट त्याहून जास्त मागू शकतो. चालली तरी भरवसा नाही. कोपऱ्यातल्या घरातली ७४८६ इथे आणली. आणखी दोन मागवल्या.

मुलांनी तक्ता करून चूक पकडली याचा आज खूप आनंद झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

७४८६ आल्या. बोर्ड बरोबर. आज पूर्ण वेळ वजाबाकी समजण्यात घातला.

आधी दशमानात. ७२ उणे ३८ करायचे, पण उसना न घेता. ९९ मधून ३८ घालवा, ६१. हे करताना कुठल्याच घरात उसना लागत नाही. आता ७२ अधिक ६१ अधिक १, म्हणजे १३४. पुढचा १ टाका. ३४. मुलांनी पाच-सहा आकडे घेऊन खात्री केली.

दोनच्या पायावर ९९ च्या जागी ११११ येतं, आणि ११११ मधून कुठलाही आकडा घालवणं म्हणजे त्याचं प्रत्येक बिट उलटं करणं. हे उलटणं एक्सऑर करतो. एका पायावर ० ठेवला तर दुसऱ्या पायावरचं जसंच्या तसं बाहेर येतं. १ ठेवला तर उलटं येतं. जिन्यातला इंटरमीडिएट स्विच आठवा: सरळ की उलट. तो एक पाय आता माहिती राहिला नाही, हुकूम झाला. ट्रूथ टेबलच्या चार ओळींच्या दोन जोड्या करून वाचल्या की हे दिसतं, पण अशा जोड्या करून वाचायला आपण शिकवत नाही.

आणि "अधिक १"? तो पहिल्या हातच्यातून जातो, त्याच स्विचवरून. एकच तार चारही बिटं उलटवते आणि वरचा एकही पुरवते. नऊ उणे पाच: १००१ अधिक १०१० अधिक १, उत्तर ०१००, हातचा १. मुलांनी बोटाने तार धरत एकेक बिट वाचलं.

पाच उणे नऊ केलं तर ११०० येतं आणि हातच्याचा एलईडी विझलेला. वजाबाकीत हातचा ० म्हणजे उत्तर ऋण. ११०० हे उणे चारचं रूप आहे, पण बघणाऱ्याला ते बारा वाटणार. तूर्त एलईडीखाली "विझला तर उणे" अशी पाटी.

१६ फेब्रुवारी, रविवार

आणखी एक ७४८६ लावून पॅरिटी, म्हणजे १ ची संख्या सम की विषम, दाखवली. अ च्या चार बिटांना तीन एक्सऑर, शेवटी एक एलईडी. १ ची संख्या विषम असेल तर लागतो. चारांपैकी कुठलाही एक स्विच हलवला की एलईडी उलटतो. कुठे तरी एक बिट बिघडलं हे यावरून कळतं. कुठलं ते कळत नाही, आणि दोन बिघडली तर काहीच कळत नाही, हेही पाटीवर लिहिलं.

वायरमनकाका बघायला आले होते. चारही स्विच एकेकदा हलवून म्हणाले, "हा चार मजल्यांचा जिनाच की."

या आयसीतला चौथा गेट रिकामा. त्याचे दोन्ही इनपुट ग्राउंडला बांधले.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर बोर्ड चालतो. नावं रंगवून झाली. अ आणि ब च्या सगळ्या २५६ जोड्या मुलांनी बेरजेसाठी तपासल्या, वजाबाकीच्या निम्म्या. उरलेल्या मंगळवारी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून गर्दी. सगळ्यात जास्त हात "बेरीज / वजाबाकी" स्विचवर. दुपारी ब चा एक स्लाइड स्विच सैल झाला, बदलला.

दीड व्होल्ट ओळखणारी मुलगी संध्याकाळी वही घेऊन आली. पाच उणे नऊला ११०० ऐवजी "उणे ४" दिसावं म्हणून तिने आकृती काढली होती: उत्तराच्या चारही बिटांवर पुन्हा एक्सऑरची रांग, पुढे दुसरी ७४८३, आणि हुकूम हातच्याच्या एलईडीकडून उलटवून घ्यायचा. ११०० उलटलं की ००११, अधिक १, ०१००. कल्पना बरोबर आहे. एक उणीव होती. बेरजेतही हातचा बऱ्याचदा ० असतो, तेव्हा तिचं सर्किट चांगलं उत्तर उलटवून टाकेल. हुकूम तेव्हाच जायला हवा, जेव्हा वजाबाकी लावलेली आहे आणि हातचा ० आहे.

तिने थोडा वेळ बोर्डाकडे पाहिलं. पॅरिटीच्या आयसीतला रिकामा गेट, त्याचा एक पाय ग्राउंडवरून काढून ५ व्होल्टला बांधला की हातचा उलटा मिळतो. "आणि"साठी मात्र एक्सऑर कितीही जोडले तरी चालणार नाहीत, अँडच हवा. कोपऱ्यातल्या घराच्या ७४०८ मधे दोन गेट शिल्लक आहेत. वायर तेवढी लांब जाईल का हे तिने दोरीने मोजून पाहिलं. जाते.

आणायच्या वस्तू: ७४८६ एक, ७४८३ एक.